ज्यांच्यासाठी नाट्यगृहं रात्रभर जागायची, ते बालगंधर्व सिनेमाच्या पडद्यावर का चालले नाहीत?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये एखादा प्रयोग सुरू असतो. तिथं प्रेक्षक बसलेले असतात, वादक वाजवत असतात, गायक गात असतात. आणि त्याच क्षणी हजारो किलोमीटर लांब, दुसऱ्याच एखाद्या देशातल्या छोट्या शहरात, लोक सिनेमाचं तिकीट काढून तोच प्रयोग मोठ्या पडद्यावर बघत असतात. ३० डिसेंबर २००६ ला मोझार्टच्या 'द मॅजिक फ्लूट' या ऑपेरापासून हा प्रकार सुरू झाला आणि जगभर पसरला. आपल्याकडे वेळेचा फरक असल्यानं थेट प्रक्षेपण जमत नाही, पण मुंबईच्या एनसीपीएमध्ये मेटचे प्रयोग पडद्यावर दाखवले जातात.

आता तुम्ही म्हणाल, ऑपेराचं आणि आपलं काय देणं-घेणं?

तर देणं-घेणं आहे. कारण गाण्यातून गोष्ट सांगणारं नाटक आपल्याकडेही होतं. त्याला आपण संगीत नाटक म्हणतो. आणि या नाटकाचा सगळ्यात मोठा कलाकार १९३५ ते १९३७ या काळात सिनेमाच्या पडद्यावर जाण्याचा प्रयत्न करून बसला होता. तो प्रयत्न फसला. का फसला, हे समजून घ्यायचं तर नारायण श्रीपाद राजहंस या माणसाची गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागते. महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व म्हणून ओळखतो.

कानाच्या दुखण्यातून रंगमंचावर

नारायणाचा जन्म २६ जून १८८८ चा. घरची परिस्थिती साधी. पण पोराचा गळा असा की ऐकणारा थांबलाच पाहिजे. लहान वयात त्याचं गाणं लोकमान्य टिळकांनी ऐकलं आणि त्याला बालगंधर्व म्हटलं, असं सांगितलं जातं. ते नाव पुढं असं चिकटलं की राजहंस हे आडनाव लोक विसरूनच गेले.

त्याला कानाचा त्रास होता. ऐकू कमी यायचं. गाणाऱ्या माणसाला ऐकू कमी येणं म्हणजे पैलवानाला पाय अधू असण्यासारखंच. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याचं गाणं ऐकलं होतं. त्यांनी त्याच्या उपचारांची सोय मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये केली. त्याच सुमारास किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम मिरजेत होता. कंपनीला स्त्रीभूमिका करणाऱ्या गायक नटाची गरज होती. १९०५ मध्ये १७ वर्षांचा नारायण कंपनीत दाखल झाला आणि शाकुंतल नाटकात शकुंतला म्हणून उभा राहिला.

ही किर्लोस्कर मंडळी म्हणजे साधी कंपनी नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं आणि मराठी संगीत नाटकाचा पाया घातला. त्या काळी बायकांनी नाटकात काम करणं समाजाला मान्य नव्हतं. त्यामुळं शकुंतलाही पुरुषच करायचा आणि रुक्मिणीही. बालगंधर्वांच्या आधीही स्त्रीभूमिका करणारे नट होते. पण रूप, अभिनय आणि गाणं या तिन्ही गोष्टी एका माणसात इतक्या जुळून आल्या नव्हत्या.

मुलगी गेली त्या रात्रीचा प्रयोग

१२ मार्च १९११. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग मुंबईत होता. संगीत गोविंदराव टेंबे यांचं. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व.

त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द होणार असंच सगळ्यांना वाटलं. पण तिकिटं विकली गेली होती, लोक येणार होते. प्रेक्षकांना ते मायबाप मानायचे. आलेल्या प्रेक्षकांना परत पाठवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि चेहऱ्याला रंग लावला. त्या रात्री भामिनी गायली आणि नाटक गाजलं.

ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाची म्हणून नेहमी सांगितली जाते. पण तिच्यातून आणखी एक गोष्ट कळते. बालगंधर्वांच्या दृष्टीनं नाटक म्हणजे समोर बसलेला माणूस. तो आलाय म्हणून गायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

वन्स मोअर म्हणजे काय असायचं?

१९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ मध्ये 'स्वयंवर' आलं. संगीत त्यांचे गुरू भास्करबुवा बखले यांचं. रुक्मिणीच्या भूमिकेनं लोक वेडे झाले. १९१९ मध्ये राम गणेश गडकरींचं 'एकच प्याला' बडोद्यात रंगमंचावर आलं. गडकरी त्याआधी महिनाभरच गेले होते. नवऱ्याच्या दारूपायी उद्ध्वस्त होणारी सिंधू बालगंधर्वांनी केली. एरवी शालू-पैठणीत दिसणारे बालगंधर्व इथं फाटक्या लुगड्यात आले आणि तरी लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

त्या काळचं नाटक आजच्यासारखं दोन-अडीच तासांत आटपत नसे. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालायचा. याचं कारण होतं वन्स मोअर.

पद संपलं की प्रेक्षकांतून आरोळी उठायची. मग बालगंधर्व तेच पद परत गायचे. पण परत म्हणजे तसंच नाही. या वेळी दुसरी तान, दुसरी जागा, शब्दावर वेगळा ठहराव. एखादा जाणकार पहिल्या रांगेत मान डोलवतोय हे दिसलं की गाणं आणखी खुलायचं. साथीला ऑर्गन, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा. ज्या माणसाला देशातल्या सगळ्यात मोठ्या तबलजींमध्ये गणलं जातं, तो अनेक वर्षं या नाटक कंपनीत साथ करत होता. यावरून गाण्याचा दर्जा काय असेल याचा अंदाज येतो.

म्हणजे एकच पद प्रत्येक गावात आणि प्रत्येक रात्री वेगळं व्हायचं. ते कसं होणार हे अर्धं बालगंधर्व ठरवायचे आणि अर्धं समोरचे प्रेक्षक.

प्रभाव फक्त गाण्यापुरता नव्हता. त्यांनी नेसलेल्या साडीची पद्धत, त्यांची केशरचना, दागिने यांची नक्कल घराघरांतल्या बायका करायच्या. एका पुरुषाकडं बघून महाराष्ट्रातल्या बायकांनी फॅशन ठरवली, असा तो काळ होता.

अत्तराचे दिवस आणि कर्जाचा डोंगर

८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर ललितकलादर्शचे केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन सगळ्यात मोठे गायक नट एका रंगमंचावर. पुढच्या रांगेचं तिकीट १०० रुपये होतं, असं सांगतात. तेव्हाच्या १०० रुपयांत एखाद्या कुटुंबाचे कित्येक महिने निघाले असते. तीनच महिन्यांत, ऑक्टोबर १९२१ मध्ये, केशवराव वारले. तो योग पुन्हा आला नाही. ज्यांनी ते नाटक बघितलं त्यांनी बघितलं. बाकीच्यांनी नुसतं ऐकलं.

याच वर्षी बालगंधर्वांसमोर दुसरं संकट उभं होतं. कंपनीवर लाखाच्या वर कर्ज झालं होतं.

पैसा येत नव्हता असं नाही. पण टिकत नव्हता. मखमली पडदे, उंची वस्त्रं, खरीखुरी अत्तरं, मोठमोठे सेट. १९२० च्या 'द्रौपदी' नाटकात मयसभा उभी करताना खर्चाकडं बघितलंच गेलं नाही. कंपनीच्या बिऱ्हाडात शेकडो पानं उठायची. हिशोब ठेवणं हा बालगंधर्वांचा पिंड नव्हता. चाहत्यांनी निधी जमवून कर्ज फेडायची तयारी दाखवली, पण त्यांनी ती मदत नाकारली. नाटकं करून पै-पै फेडायचं ठरवलं आणि पुढच्या काही वर्षांत खेळ करून करून ते कर्ज फेडलंही.

मग आला बोलपट

१४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि सिनेमा बोलायला लागला. पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. त्यात हरिश्चंद्र कोण होतं? तर गोविंदराव टेंबे. म्हणजे गंधर्व मंडळीचे एके काळचे भागीदारच पडद्यावर गायला लागले. आणि तारामती होत्या दुर्गा खोटे. चांगल्या घरातली शिकलेली बाई पडद्यावर दिसली आणि लोकांनी तिला स्वीकारलं. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' या नाटकानं रंगमंचावरही बायकांनीच बायकांची कामं करण्याचा पायंडा पक्का केला.

संगीत नाटकावर हा दुहेरी मार होता. एक तर गाणी आता सिनेमात ऐकायला मिळत होती. सिनेमाचं तिकीट स्वस्त, आणि खेळ तीन तासांत संपतो. दुसरं, स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाची गरजच संपत चालली होती.

सिनेमाचा आणखी एक मोठा फायदा होता. तो गावोगाव जाऊ शकत होता. उदाहरण म्हणून देवणी घ्या. आज लातूर जिल्ह्यातला हा तालुका देवणी गोवंशासाठी ओळखला जातो. तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात, उदगीरच्या बाजूला होता. इथून पुणं साधारण ४०० किलोमीटर. इथल्या शेतकऱ्यानं बालगंधर्वांचं नाव ऐकलं तरी त्यांचा खेळ बघायला पुण्या-मुंबईला जाणं त्याला परवडणारं नव्हतं. शंभर माणसांचं बिऱ्हाड, पडदे, सेट घेऊन नाटक कंपनीनं अशा प्रत्येक गावात येणं तर अशक्यच. पण फिल्मची पेटी बैलगाडीतूनही जाऊ शकत होती. जत्रेत तंबू ठोकला की खेळ सुरू.

म्हणजे महाराष्ट्राचा सगळ्यात मोठा आवाज पडद्यावर गेला असता, तर तो अशा गावांपर्यंत पोहोचला असता. कल्पना चुकीची नव्हती.

एकनाथ झालेले बालगंधर्व

१९३० च्या दशकाच्या मध्यावर कंपनी पुन्हा आर्थिक अडचणीत होती. नाटकाचं काम थांबवून बालगंधर्व प्रभात फिल्म कंपनीकडं गेले. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत मास्टर कृष्णराव. म्हणजे त्या काळातली सगळ्यात भारी जोडणी.

विषय होता संत एकनाथांचा. पैठणच्या या संतानं जातीची उतरंड झुगारून माणसाला माणूस म्हणून जवळ केलं, ती गोष्ट. चित्रपटाचं नाव आधी 'महात्मा' ठेवलं होतं. पण तेव्हा महात्मा म्हटलं की गांधीजीच डोळ्यांसमोर यायचे. त्यात सिनेमाचा विषय अस्पृश्यतेविरुद्धचा. सेन्सॉरनं हरकत घेतली आणि नाव बदलून 'धर्मात्मा' झालं. १९३५ मध्ये तो प्रदर्शित झाला.

त्यात बालगंधर्व पुरुषाच्या भूमिकेत, म्हणजे एकनाथ होते. चित्रपट म्हणून 'धर्मात्मा'ची दखल घेतली गेली. पण लोक ज्या बालगंधर्वांवर जीव टाकत होते, ते भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू होते. धोतर-उपरण्यातले एकनाथ बघून त्यांचं समाधान झालं नाही. आणि स्वतः बालगंधर्वही तिथं रमले नाहीत.

कारण सिनेमाचं काम तुकड्या-तुकड्यांत चालतं. शॉट लावा, दिवे लावा, थांबा, परत करा. गाण्याला मिनिटांचं माप. समोर लेन्स आणि तंत्रज्ञ, दाद द्यायला कुणीच नाही. प्रभातसोबतचा त्यांचा प्रवास या एका चित्रपटावर थांबला.

नाटकच कॅमेऱ्यासमोर ठेवलं, तरी?

मग एक वेगळा प्रयोग झाला. बालगंधर्व स्त्रीभूमिकेतच हवेत ना? मग त्यांचं नाटकच चित्रित करू. वसंत शांताराम देसाई यांचं 'अमृतसिद्धी' हे मीराबाईवरचं नाटक गंधर्व मंडळीनं १९३३ मध्ये केलं होतं. त्यावरून १९३७ मध्ये 'साध्वी मीराबाई' हा चित्रपट आला. दिग्दर्शक होते बाबूराव पेंटर, मराठी सिनेमाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. मीराबाई होते बालगंधर्व.

म्हणजे संगीत नाटक सिनेमागृहात नेऊन दाखवायचं. आज ऑपेराच्या बाबतीत जे होतं, त्याच्या जवळ जाणारा प्रयत्न आपल्याकडं जवळपास ७० वर्षं आधी झाला होता. आणि तो साफ पडला.

याची कारणं बघितली तर तीन दिसतात.

पहिलं कारण कॅमेरा. नाट्यगृहात पाचव्या किंवा पंधराव्या रांगेतून बघणाऱ्याला रंग, दिवे आणि हालचालीतून एक तरुण स्त्री दिसायची. बघणारा ती आपल्या मनानं पूर्ण करायचा. कॅमेरा जवळ गेला की तिथं ४९ वर्षांचा पुरुष दिसतो. त्यात शेजारच्या सिनेमात खऱ्या नायिका दिसत असताना हे आणखी खटकतं.

दुसरं कारण काळ. संगीत नाटकाची पद्धत, त्यातले लांबलचक संवाद आणि पदं, हे सगळं तोवर सिनेमाच्या प्रेक्षकाला जुनं वाटायला लागलं होतं.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. चित्रीकरणात प्रेक्षक नव्हता. वन्स मोअर देणारं कुणी नव्हतं, त्यामुळं दुसऱ्यांदा वेगळं गाण्याचं कारणच नव्हतं. आणि तंबूत बसलेल्यानं कितीही आरोळ्या मारल्या तरी फिल्म त्याच्यासाठी थांबणार नव्हती. बालगंधर्वांचं गाणं ज्या देवाणघेवाणीतून तयार व्हायचं, तीच इथं तुटली होती.

आता मेट ऑपेराकडं बघा. त्यांनी यासाठी गायकांना स्टुडिओत नेलं नाही. भरलेल्या नाट्यगृहातच कॅमेरे नेऊन लावले. गायक नेहमीसारखे आपल्या प्रेक्षकांसमोर गातात, टाळ्या तिथल्या खऱ्या असतात, चूक झाली तर ती तशीच दिसते. मेटनं आपले प्रयोग रेडिओवरून नियमित ऐकवायला सुरुवात केली ती डिसेंबर १९३१ मध्ये, म्हणजे 'आलम आरा'च्याच वर्षी. त्यातही पद्धत तीच होती, चालू प्रयोग लांबच्या माणसापर्यंत पोहोचवायचा. १९३७ मध्ये नाट्यगृहातला चालू प्रयोग असा टिपून सिनेमागृहात पोहोचवणारं तंत्रच आपल्याकडं नव्हतं. त्यामुळं दोष ना पेंटरांचा होता, ना बालगंधर्वांचा.

परत रंगमंचावर

'साध्वी मीराबाई'नंतर बालगंधर्व नाटकाकडं परतले. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी कंपनीत आल्या. त्या बालगंधर्वांचीच गायकी गायच्या आणि आता स्त्रीभूमिकाही करू लागल्या. १९४० मध्ये पत्नी लक्ष्मीबाई वारल्या. गोहरबाईंसोबतच्या नात्यावरून पुण्या-मुंबईतल्या अनेक जुन्या चाहत्यांनी पाठ फिरवली. पुढं दोघांनी लग्न केलं.

प्रेक्षक घटत होते, पैसा नव्हता, तरी खेळ चालू होते. साठी ओलांडल्यावरही ते रंग लावून उभे राहायचे. पुढं पायांनी साथ सोडली, तेव्हा बसून भजनं गायली. एके काळी पदरचं अत्तर उधळणाऱ्या माणसाचे शेवटचे दिवस ओढाताणीत गेले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्याच १९६४ मध्ये गोहरबाईही गेल्या. १५ जुलै १९६७ ला पुण्यात बालगंधर्वांचं निधन झालं.

आज त्यांच्या रेकॉर्ड्स ऐकायला मिळतात. पण जुन्या रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. जे पद वन्स मोअर घेत रात्री कितीतरी वेळ रंगायचं, त्याचा तो नमुना आहे. २०११ मध्ये रवी जाधव यांचा 'बालगंधर्व' चित्रपट आला. त्यात सुबोध भावे यांनी भूमिका केली आणि आनंद भाटे गायले. अनेक तरुणांना बालगंधर्व कळले ते यातून, आणि ते सिनेमागृहातच. पण भर प्रयोगातले, आरोळ्या झेलत तेच पद तिसऱ्यांदा वेगळं गाणारे बालगंधर्व कुठल्याच फिल्मवर नाहीत.

संगीत नाटकं आजही होतात. बहुतेक पुण्या-मुंबईत किंवा मोठ्या शहरांत. देवणीच्या माणसाला ती बघायची तर आजही मोठा प्रवास करावा लागतो. फरक इतकाच की १९३७ मध्ये जे तंत्र नव्हतं ते आता आहे. कॅमेरा भरलेल्या नाट्यगृहात जाऊ शकतो आणि तिथला प्रयोग त्याच रात्री कुठल्याही तालुक्याच्या पडद्यावर दिसू शकतो.

पुण्यात मुठेकाठी बालगंधर्वांच्या नावानं रंगमंदिर उभं राहिलं. त्याची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द त्यांच्याच हस्ते बसवली होती. उद्घाटन झालं २६ जून १९६८ ला. तो त्यांचा ८० वा वाढदिवस ठरला असता. पण ते बघायला ते नव्हते. त्यांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.